श्रवणबेळगोळ : हिवाळ्यातील दोन सांजवेळा

कर्नाटकातील हासन जिल्ह्यात चन्नरायपट्टणाच्या वाटेला लागले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळाच्या बागा आणि नाचणीची शेते सुरू होतात. प्रदेश उंच पठाराचा. दृष्टीला अडवणारे फारसे काही नाही. अशा मोकळ्या मुलुखात, गाव अजून बरेच दूर असताना, क्षितिजावर उघड्या खडकाची एक टेकडी वर येते आणि तिच्या माथ्यावर एक बारीक उभी रेघ दिसू लागते. मोटारीतील जाणती माणसे बोलणे थांबवून हात जोडतात. लहान मुले ‘काय आहे?’ म्हणून विचारतात. पाहता पाहता त्या रेघेला खांदे फुटतात, मस्तकाचा गोल स्पष्ट होतो, आणि मग कोणाला काही सांगावे लागत नाही. श्रवणबेळगोळच्या भगवान बाहुबलींचे पहिले दर्शन असे रस्त्यावरूनच घडते.

‘बेळ’ म्हणजे पांढरे आणि ‘कोळ’ म्हणजे तळे. श्रमणांचे हे धवल तळे दोन टेकड्यांच्या मध्ये आहे. दक्षिणेला विंध्यगिरी, ज्याला तिथले लोक दोड्डबेट्ट म्हणजे मोठी टेकडी म्हणतात. उत्तरेला चंद्रगिरी, म्हणजे चिक्कबेट्ट, लहान टेकडी. विंध्यगिरीची समुद्रसपाटीपासूनची उंची 3,347 फूट, चंद्रगिरीची 3,052 फूट. मोठ्या टेकडीच्या अगदी माथ्यावर, डोंगराच्याच अखंड शिळेतून कोरलेली, 57 ते 58 फूट उंचीची गोम्मटेश्वरांची मूर्ती कायोत्सर्ग मुद्रेत उभी आहे. गंग राजा राचमल्ल याचा मंत्री आणि सेनापती चामुंडराय याने ती करवून घेतली. मूर्तीच्या प्रतिष्ठेचे वर्ष सामान्यतः इ. स. 981 मानले जाते. म्हणूनच 1981 साली येथे सहस्राब्दीचा महामस्तकाभिषेक झाला.

मूर्तीचे मुख उत्तरेकडे आहे. भाविकाला ही गोष्ट माहीत असते आणि ती त्याला पुरेशीही असते. परंतु जो हातात कॅमेरा घेऊन हिवाळ्यात येथे येतो, त्याच्या सगळ्या अडचणी या एका गोष्टीतून निघतात.

आजींची मागणी

डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सांगलीच्या हळदपेठेतील एका पेढीवरचे कुटुंब येथे दर्शनाला आले होते. बेळगाव-हुबळीचा लांबचा रस्ता कापून आलेल्या त्या मोटारीत तिघे होते : आजी, त्यांचा मुलगा आणि नातू. नातवाने वर्षभरापूर्वी चांगला कॅमेरा घेतला होता आणि या प्रवासासाठी लांब पल्ल्याचे एक भिंगही खास खरेदी केले होते. पेढीतर्फे दर दिवाळीला गिऱ्हाइकांना आणि शेतकऱ्यांना दिनदर्शिका वाटली जाते, आणि तिच्यावर कोणत्या तरी तीर्थक्षेत्राचे छायाचित्र असते. आजवर ते चित्र छापखान्यातूनच निवडले जाई. या वेळी ते घरचे असावे, शक्यतो सूर्यास्ताचे असावे, असे वडिलांच्या मनात होते.

आजींची मागणी निराळी होती. 1981 च्या मस्तकाभिषेकाला त्या नवी सून म्हणून आल्या होत्या. तेव्हा विंध्यगिरीच्या साडेसहाशेच्या आसपास पायऱ्या त्या अनवाणी चढून गेल्या होत्या. आता गुडघे साथ देत नाहीत. पायथ्याशी डोलीवाले असतात, खुर्चीत बसवून वर नेतात. वडिलांनी ते सुचवले. आजी म्हणाल्या, “चौघांच्या खांद्यावर बसून त्यांच्यासमोर जायचं? नको. मी खालीच जाप करीत बसेन.” मग नातवाकडे वळून त्या म्हणाल्या, “तू वर जातोयस ना, मला त्यांचं मुख आणून दाखव. बाकी काही नको.”

नातवाने हो म्हटले. त्याला ते काम सोपे वाटले होते.

पहिली संध्याकाळ

हिवाळ्यात सूर्य दक्षिणायनात असतो. श्रवणबेळगोळच्या अक्षांशावर डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीसुद्धा तो डोक्यावर येत नाही. दक्षिणेकडे कललेला राहतो. सकाळी आग्नेयेच्या बाजूने उगवतो आणि सायंकाळी ठीक पश्चिमेला न मावळता सुमारे 24 अंश दक्षिणेकडे सरकून मावळतो. उत्तराभिमुख मूर्तीच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की उगवल्यापासून मावळेपर्यंत सूर्य तिच्या पाठीशी असतो. पाठ आणि खांदे उजळतात, मुख दिवसभर सावलीत राहते. एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे येतो, तेव्हा मुखावर थेट ऊन पडू शकते. पण त्यातील बरेचसे दिवस पावसाळी ढगांचे. आकाश निरभ्र असते ते हिवाळ्यात, आणि हिवाळ्यात ऊन पाठीमागून येते.

नातवाने पहिल्या दिवशी या अडचणीचाच उपयोग करून घ्यायचे ठरवले. सूर्य नैऋत्येच्या बाजूला मावळणार असेल, तर विंध्यगिरीच्या ईशान्येकडे बऱ्याच अंतरावर उभे राहावे. म्हणजे टेकडी, मूर्ती आणि मावळता सूर्य एका रेषेत येतील. दुपारी चार वाजता तो गावाबाहेर पडला. नाचणीची कापणी होऊन गेली होती. खळ्याजवळ गंज्या रचलेल्या होत्या, आणि एके ठिकाणी कणसे डांबरी रस्त्यावरच पसरून ठेवली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची चाके मळणीचे काम करीत होती. एका शेतकऱ्याला खुणेने विचारून तो बांधावर उभा राहिला. शेतकऱ्याने तिवईकडे पाहिले, मग टेकडीकडे पाहिले आणि हसून एक कोरडा, सपाट दगड दाखवला. तिथे कॅमेरा घेऊन उभा राहणारा हा काही पहिलाच माणूस नव्हता.

साडेपाचनंतर प्रकाश पिवळा झाला. हिवाळ्यात हवेत धूळ आणि चुलींचा धूर खाली साचून राहतो; त्यामुळे सूर्य क्षितिजाजवळ येताच त्याचे तेज कमी होते आणि बिंब तांबड्या थाळीसारखे दिसू लागते. नातू बांधावरून दोन पावले इकडे, चार पावले तिकडे सरकत राहिला. दूरच्या वस्तूची रेषा जुळवताना पायाखालचे थोडेसे अंतरही फार मोठे ठरते. सहाला थोडा अवकाश असताना बिंब मूर्तीच्या खांद्याच्या उंचीवर आले. त्या दोन-तीन मिनिटांत त्याने वीसेक छायाचित्रे घेतली. काळ्या टेकडीवर काळी आकृती, मागे केशरी आकाश आणि खांद्याजवळ सूर्य. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते चित्र पाहून त्याला थंडीतही घाम आल्यासारखे झाले, इतके ते उत्तम साधले होते.

मग त्याला वेळेचे भान आले. घरात रात्रिभोजनाचा त्याग आहे. एरवी कामाच्या धावपळीत नातवाकडून त्यात कसूर होई. पण तीर्थक्षेत्री चौविहार पाळायचा, हे निघतानाच ठरले होते. सूर्यास्त सहा वाजून काही मिनिटांनी होता, आणि त्या क्षणी तो धर्मशाळेपासून दूर एका शेताच्या बांधावर उभा होता. अंधार पडता पडता तो परतला तेव्हा भोजनशाळा आवरून झाली होती. आजी ओसरीवर शाल पांघरून बसल्या होत्या.

“जेवला नाहीस ना?” त्यांनी विचारले.

“नाही.”

“असू दे. उपवास घडला म्हणायचं.” त्या रागावल्या नाहीत. “दाखव बघू.”

त्याने ते सर्वोत्तम चित्र पडद्यावर मोठे करून त्यांच्यासमोर धरले. वडील मागून वाकून पाहत होते; ते म्हणाले, “वा! हेच छापायचं.” आजींनी चष्मा पुसला, चित्र जवळ घेतले, थोडे दूर धरले. मग हळूच म्हणाल्या, “सुंदर आहे रे. पण यात भगवंत कुठे आहेत? हा सूर्याचा फोटो झाला. मुख तर सगळं काळं.”

नातवाने समजावून सांगितले की प्रकाश मागून येतो तेव्हा असेच होते, छायाचित्रकार ते मुद्दाम करतात. आजींनी सगळे ऐकून घेतले आणि कॅमेरा परत दिला. त्या रात्री त्याला भुकेपेक्षा आजींच्या प्रश्नाने अधिक वेळ जागे ठेवले.

विंध्यगिरीवरची सकाळ

दुसऱ्या दिवशी पहाटे बाप-लेक विंध्यगिरी चढले. पायऱ्या खडकातच कोरलेल्या आहेत. पादत्राणे पायथ्याशी ठेवावी लागतात आणि पहाटेचा दगड तळव्यांना चांगलाच गार लागतो. वाटेत ओदेगल बसदी लागते, एकाच शिळेतून कोरलेले अखंड बागिलु हे प्रवेशद्वार लागते, त्यागद ब्रह्मदेव स्तंभ लागतो. शेवटच्या दारातून आत पाऊल टाकताच समोर चरण येतात आणि मान आपोआप वर जाते.

मूर्तीच्या दोन्ही बाजूंना वारुळे कोरलेली आहेत. त्यांतून सर्प बाहेर डोकावतात. माधवीची वेल पायांवरून वर चढत दंडांपर्यंत पोहोचली आहे. मांड्यांच्या वर मूर्तीला कोणताही आधार नाही. इतका उंच देह निराधार उभा आहे. भाऊ भरताशी झालेल्या दृष्टियुद्धात, जलयुद्धात आणि मल्लयुद्धात विजयी होऊनही ज्याने राज्याकडे पाठ फिरवली, त्या तपस्व्याच्या ओठांवर अगदी पुसट स्मित आहे. उन्हात ते स्मित कठोर दिसले असते. भुवयांच्या आणि नाकाच्या काळ्या सावल्या खाली पडल्या असत्या. सावलीतल्या मुखावर मात्र आकाशाचा समसमान प्रकाश होता. नातवाने मान वर करूनच काही छायाचित्रे घेतली, पण पायाशी उभे राहून एवढ्या उंच मूर्तीचे छायाचित्र घेतले की पाय प्रचंड दिसतात आणि मुख लहान होत जाते. शिवाय मागचे आकाश इतके उजळ होते की एक तर मुख अंधारे येई, नाही तर आकाश पांढरेफटक.

पायाशी वाकून पाहताना वडिलांना शिलालेख दिसला. येथे तमिळ आणि कन्नड लेख आहेत, आणि नागरी लिपीतील मराठीही आहे : ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’. मराठीच्या आरंभीच्या शिलालेखांत या लेखाची गणना होते. त्याच्याच जोडीला दुसरी ओळ आहे. होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती गंगराज याने बाराव्या शतकाच्या आरंभी मूर्तीभोवतीचे सुत्तालय, म्हणजे सभोवतालची ओवरी, करवल्याचे ती सांगते. इतक्या दूर, कानडी मुलुखात, भगवंतांच्या चरणांशी मराठी अक्षरे पाहून मराठी यात्रेकरूचा ऊर भरून येतो. वडिलांनी बोटाने हवेतच ती अक्षरे गिरवली. “केले नव्हे, करविले,” ते म्हणाले. “आपण व्यापारी लोक असेच लिहितो. पैसा देणाऱ्याचं नाव राहतं, छिन्नी चालवणाऱ्याचं नाही.”

बाहेर पडताना दाराशी गुळ्ळकायज्जीची मूर्ती आहे. तिची कथा घरोघरी माहीत आहे. चामुंडरायाने पहिल्या अभिषेकासाठी घागरीच्या घागरी दूध ओतले, पण ते कमरेखाली उतरेना. तेव्हा एका गरीब वृद्धेने वांग्याएवढ्या फळाच्या पोकळ वाटीतून थोडेसे दूध आणले आणि त्या चार थेंबांनी मूर्ती नखशिखांत न्हाली. हातात लहानशी वाटी धरलेली ती म्हातारी आजही भगवंतांकडे पाहत उभी आहे. नातवाने तिच्यासमोर क्षणभर थांबून खांद्यावरची जड पिशवी नीट केली आणि तो पायऱ्या उतरू लागला.

चंद्रगिरीवरून

खाली आल्यावर त्याने कल्याणी तळ्याच्या काठी बसून विचार केला. मुख उत्तरेकडे आहे. तेव्हा मुख पाहायचे तर उत्तरेलाच जायला हवे, आणि तेही थोड्या उंचीवर. उत्तरेला, तळ्यापलीकडे, चंद्रगिरी होताच.

त्या दिवशी त्याने साडेचारलाच आजींच्या पंगतीला बसून जेवण केले. पाणी पिऊन घेतले. आजींनी विचारले, “एवढ्या लवकर भूक लागली?” तो म्हणाला, “आज उपवास घडू द्यायचा नाही.” त्या हसल्या.

चंद्रगिरीची चढण लहान आणि सोपी आहे, पण तिचे वय विंध्यगिरीवरील मूर्तीहून कितीतरी अधिक आहे. परंपरेनुसार बारा वर्षांच्या दुष्काळाच्या वेळी श्रुतकेवली भद्रबाहू संघासह दक्षिणेत आले, ते येथे. आणि सम्राट चंद्रगुप्ताने राज्य सोडून गुरूंची सेवा करीत येथेच सल्लेखना घेतली. त्याच्याच नावावरून टेकडीला चंद्रगिरी म्हणतात. माथ्यावर दगडी बसदींचा समूह आहे : चंद्रगुप्त बसदी, पार्श्वनाथ बसदी, चामुंडराय बसदी, आत काळोख असणारी कत्तले बसदी. जवळच भरताची मानली जाणारी एक मूर्ती आहे, गुडघ्यांच्या खालचा भाग नसलेली. दोघे भाऊ असे दोन टेकड्यांवर आहेत.

पाचच्या सुमारास ऊन तिरपे झाले, आणि नातवाच्या लक्षात आले की पायाखालचा खडक बोलू लागला आहे. दुपारी सपाट दिसणाऱ्या शिळेवर ओळीच ओळी उमटल्या होत्या. सल्लेखना घेतलेल्या मुनींचे, आर्यिकांचे, श्रावक-श्राविकांचे हे लेख. त्यांतील सर्वांत जुने इ. स. 600 च्या आसपासचे. अक्षरे उथळ असल्याने डोक्यावरच्या उन्हात ती हरवतात. कलत्या उन्हात प्रत्येक खोदरेषेच्या एका कडेला सावली पडते आणि अक्षर उठून दिसते. बी. एल. राइस यांनी 1889 साली श्रवणबेळगोळचे 144 शिलालेख प्रसिद्ध केले. 1923 मध्ये आर. नरसिंहाचार यांच्या सुधारित आवृत्तीत त्यांची संख्या 500 झाली आणि 1973 च्या आवृत्तीत 573. लेख शतकानुशतके तिथेच होते. कोणी तरी बसून पाहण्याचे कष्ट घेतले, तसतसे ते दिसत गेले. नातवाने सूर्यास्ताची वाट पाहता पाहता अशा कितीतरी ओळी टिपल्या. त्याला हळेकन्नड वाचता येत नव्हते. पण ऊन, पाऊस आणि पावले यांनी झिजत चाललेल्या अक्षराची स्पष्ट प्रतिमा आणखी कोणाला तरी वाचता येईल, एवढे त्याला कळत होते.

मग त्याने तिवई दक्षिणेकडे वळवली. समोर खाली तळे, तळ्याभोवती गाव, आणि त्यापलीकडे विंध्यगिरीचा उघडा कातळ. कोटाच्या भिंतींच्या वर गोम्मटेश्वरांचे मस्तक, खांदे आणि छाती स्पष्ट दिसत होती. आणि दृष्टी थेट इकडे, चंद्रगिरीकडे लागलेली होती. अशी आख्यायिका आहे की चामुंडरायाची माता काललदेवी हिने पौदनपूरच्या बाहुबलींचे दर्शन घडेपर्यंत दूध न घेण्याचा नियम केला होता. मातेला घेऊन निघालेला चामुंडराय येथे थांबला असता त्याला दृष्टान्त झाला, आणि त्याने या चंद्रगिरीवरून समोरच्या टेकडीवर बाण सोडला. बाण लागला त्या शिळेत भगवंतांचे मस्तक दिसले. म्हणजे आज ज्या मूर्तीसमोर जगभरचे लोक मान वर करून उभे राहतात, तिच्या मुळाशी दर्शनाला आसुसलेली एक आई आणि तिचा मुलगा आहे. ही कथा नातवाने लहानपणी आजींच्याच तोंडून ऐकली होती. या वेळी ती त्याला प्रथमच त्या जागेवर उभा राहून आठवत होती.

सहा वाजले. सूर्य त्याच्या उजव्या हाताला, चौकटीच्या बराच बाहेर होता. मूर्तीच्या पश्चिमेकडील, म्हणजे डाव्या खांद्याच्या आणि कानाच्या कडेला सोन्याची बारीक किनार आली. ती सुंदर होती, पण तिच्यामुळे सावलीतले मुख अधिकच काळवंडल्यासारखे वाटे. कालचाच प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. काही मिनिटांनी सूर्य मावळला, किनार विझली आणि टेकडीवर उरलेली पाच-सात माणसे आपापले भ्रमणध्वनी खिशात घालून उतरू लागली. पहारेकरी शिट्टी वाजवत आला. फाटक बंद करायची वेळ झाली होती.

नातवाने मोडक्यातोडक्या कानडीत दहा मिनिटे मागून घेतली. आजी वर येऊ शकत नाही, तिच्यासाठी एक फोटो, एवढेच त्याला सांगता आले. ‘अज्जी’ हा शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ एकच. पहारेकऱ्याने घड्याळात पाहिले, दहा बोटे दाखवली आणि तो बसदीच्या जोत्यावर बसला.

त्या दहा मिनिटांत जे घडले ते सूर्य गेल्यामुळेच घडले. एका बिंदूतून येणारा प्रखर प्रकाश संपला आणि पश्चिमेचे अर्धे आकाश स्वतःच एक मोठा मंद दिवा झाले. उजळ आकाश आणि सावलीतला दगड यांच्यातील अंतर मिटत गेले. मूर्तीच्या डाव्या गालावर आधी फिकट गुलाबी आणि मग उबदार करडी छटा आली. उजवी बाजू उत्तर-पूर्वेच्या निळसर प्रकाशात राहिली. भुवयांची कमान, अर्धोन्मीलित नेत्र आणि ओठांचे ते पुसट स्मित, सगळे एकाएकी वाचता येऊ लागले, जसे खडकावरचे लेख मघाशी वाचता आले होते. नातवाने मोजमाप आकाशाऐवजी मुखावर ठेवले, तिवईचे पाय घट्ट रोवले, स्पर्शानेही हादरा बसू नये म्हणून कॅमेऱ्याला दोन सेकंदांच्या विलंबाची सूचना दिली आणि शटर पाव सेकंद उघडे ठेवले. वारा थांबण्याची वाट पाहत त्याने एकामागून एक सहा छायाचित्रे घेतली. या अक्षांशावर संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. सातवे चित्र घेताना मुख पुन्हा अंधारात विरू लागले होते.

पहारेकरी उठला, त्याने पडद्यावरचे चित्र पाहिले आणि नकळत हात जोडले. दोघे काही न बोलता खाली उतरले.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे

श्रवणबेळगोळ हासनपासून सुमारे 50 किलोमीटरवर आणि बंगळूरपासून सुमारे 145 किलोमीटरवर आहे. हासन-बंगळूर लोहमार्गावर गावाचे स्थानकही आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चढण्यास सुखाचा. डिसेंबरच्या मध्यास सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि जानेवारीच्या मध्यास सव्वासहाच्या. चौविहार पाळणाऱ्यांनी भोजन आधी उरकून मगच टेकडी गाठावी. विंध्यगिरी पहाटे आणि चंद्रगिरी संध्याकाळी, असा क्रम ठेवल्यास दोन्ही टेकड्यांना न्याय मिळतो. कॅमेरा काढण्यापूर्वी तिथल्या सेवकांना विचारावे, शिलालेखांवर पाय किंवा तिवई ठेवू नये, आणि मुख टिपायचे असेल तर सूर्य मावळताच घाईने उतरू नये. टेकडी बंद होण्याची वेळ मात्र आधी विचारून ठेवावी. दहा मिनिटे देणारा पहारेकरी प्रत्येकाला भेटेलच असे नाही.

करवियलें

धर्मशाळेच्या ओसरीवर आजी त्याच जागी बसल्या होत्या. या वेळी नातवाने काहीच समजावून सांगितले नाही. कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि तो बाजूला बसला. आजींनी चष्मा पुसला. चित्र जवळ घेतले, आणि दूर धरलेच नाही. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “तेव्हा गर्दीत मी नीट पाहिलंच नव्हतं. दूध वाहत होतं, केशर वाहत होतं, लोक ओरडत होते. सासूबाईंचा हात धरून पुढे सरकले आणि बाहेर आले. हसू आहे हे ऐकून होते. आज पाहिलं.”

वडिलांनी दिनदर्शिकेसाठी पहिल्या दिवसाचेच चित्र निवडले. केशरी आकाश दुकानाच्या भिंतीवर लांबून उठून दिसते आणि गिऱ्हाइकांना तेच आवडेल, असा त्यांचा अनुभव. तो चुकीचाही नाही. आजींनीही त्याला हरकत घेतली नाही. दुसऱ्या दिवसाचे चित्र सांगलीला परतल्यावर वेगळे छापून घेतले. ते आता त्यांच्या खोलीत, सकाळी सामायिकाला बसतात त्या आसनासमोर आहे.

चौकट करायला देण्यापूर्वी नातू त्या चित्राच्या मागे तारीख आणि स्वतःचे नाव लिहायला बसला होता. तारीख लिहून झाली. नावाशी येऊन लेखणी थांबली. त्याला चरणांशी पाहिलेली ती ओळ आठवली, आणि त्याने तारखेखाली एवढेच लिहिले : ‘आजींनी करवियलें.’